सुटून आलेल्या माणसाच्या सोबत कसं राहायचं? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

तुरुंगातून सुटून आलेल्यांबद्दल यावेळी बरेच प्रश्न आलेत. काही घरच्यांचे, एक स्वतः सुटून आलेल्याचा, आणि एक असा की ज्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न: भाऊ सहा वर्षांनी पुढच्या आठवड्यात घरी येतोय. आई म्हणते सगळ्या नातेवाईकांना बोलवू. मला मात्र धाकधूक वाटतेय. नक्की काय करावं?

ताई, नातेवाईक पंधरा दिवसांनी आले तरी चालतील. आत असताना कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी दिवा बंद, सगळं दुसरं कोणीतरी ठरवत होतं, दार स्वतःच्या हाताने उघडायची सवयसुद्धा मोडते, त्यामुळे बाहेर आल्यावर गर्दी, आवाज, साधं "काय खाणार?" हेसुद्धा अंगावर येतं. त्याला विचारा पण घाई करू नका, आणि त्याच्या वतीने सगळं ठरवून टाकू नका, म्हणजे कपडे कुठले, कोणाला भेटायचं, कधी झोपायचं हे त्याचं त्याला ठरवू दे, चुकलं तर चुकू दे. पहिल्या आठवड्यात ओळखपत्र, बँक खातं, फोन आणि डॉक्टर ही चार कामं मार्गी लावा, कारण ओळखपत्राशिवाय पुढचं सगळंच अडतं. चालू असलेली औषधं किती दिवसांची सोबत देतात ते सुटकेच्या आधीच विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. आधी त्याला ड्रग्जचं व्यसन असेल तर पहिले दोन आठवडे डोळ्यात तेल घालून जपा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका बाकीच्या लोकांच्या तुलनेत जवळपास १३ पट निघाला आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. आत असताना शरीराची सवय जाते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो आणि तोच जीवावर बेततो. हे त्याला स्पष्ट सांगा, लाजू नका, आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची वेळ सुटकेआधीच घेऊन ठेवा.

प्रश्न: सुटून चार महिने झालेत. अर्जात शिक्षेचं लिहिलं की फोनच येत नाही, नाही लिहिलं तर पकडला जाईन अशी भीती. काय करू?

दादा, आधी हे मनातून काढा की तुमच्यातच काहीतरी कमी आहे. डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले होते, फरक इतकाच की कागदावर काहींना शिक्षा झालेली दाखवली. गोऱ्या तरुणांमध्ये शिक्षा नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून परत फोन आला, शिक्षा असलेल्यांना १७. काळ्या तरुणांमध्ये हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे दार आधीच अर्धं बंद असतं.

म्हणून नुसत्या अर्जांवर विसंबू नका. तुमच्यासाठी शब्द टाकेल असा एक माणूस शोधा, जुना मालक, शिक्षक, आत ज्यांनी काम शिकवलं ते, कोणीही. खोटं मात्र लिहू नका, नंतर कळलं तर काम जातंच आणि तुमच्यासाठी शब्द टाकणाऱ्याचाही विश्वास जातो. विचारलं तर तीन वाक्यांत सांगा: काय झालं, तेव्हापासून काय केलं, आज काय येतं. मोठी कहाणी नको, सारवासारव नको. काही ठिकाणी अर्जातला हा प्रश्नच काढून टाकलाय, अमेरिकेत हवाई राज्याने तर १९९८ मध्येच तसा कायदा केला, त्यामुळे तुमच्याकडे नियम काय आहे ते वकिलाला किंवा कायदेविषयक मोफत मदत देणाऱ्यांना एकदा विचाराच.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. असा माणूस कामावर ठेवू का?

ठेवा. ब्रिटनमध्ये चपला-बूट दुरुस्त करणारी, चाव्या बनवणारी टिम्पसन नावाची मोठी कंपनी वर्षानुवर्षं अशी माणसं घेतेय, तिचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये तिथले तुरुंग खात्याचे मंत्री झाले. बघायचं एवढंच की गुन्ह्याचा तुमच्या कामाशी थेट संबंध येतो का. पगार इतरांइतकाच द्या, सुटकेच्या अटींप्रमाणे हजेरी लावायला किंवा कोर्टात जायला सुट्टी द्या, आणि त्याची गोष्ट बाकीच्या कामगारांना तुम्ही सांगू नका.

प्रश्न: आम्ही पाच-सहा जण मिळून एका माणसाला आधार द्यायचं म्हणतोय. कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं. कॅनडात हॅमिल्टनमध्ये १९९४ साली मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्रींनी आणि त्यांच्या चर्चच्या लोकांनी असंच केलं होतं. लहान मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस सुटून येणार म्हणून शहर घाबरलं होतं, तेव्हा या लोकांनी त्याच्याभोवती मंडळ केलं, त्याच्याशी रोज कोणी ना कोणी बोलायचं, त्याला मदत करायची आणि तो घसरतोय असं वाटलं तर तोंडावर सांगायचं. आता हे कॅनडाबाहेरही चालतं, चार ते सहा स्वयंसेवक एका माणसाभोवती, आणि मागे सल्ल्याला तज्ज्ञ. यातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे आधार आणि जाब दोन्ही एकाच माणसांकडून येतात. नुसती माया केली तर खोटं खपून जातं, नुसती पाळत ठेवली तर तो तुमच्यापासून लपायला लागतो.

पहिल्याच बैठकीत, त्याच्यासमोर, ठरवून टाका की कोण काय करणार, पैसे द्यायचे की नाही (माझं मत: रोख उसने देऊ नका, भाडं किंवा फी थेट भरा), काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. कोणाला धोका आहे असं कळलं तर तुम्ही गप्प बसणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. एक वर्ष तरी टिकेल एवढंच कबूल करा, कारण उत्साहात आलेले लोक दोन महिन्यांत गायब झाले की त्याला ते फार लागतं. आणि त्याच्याकडूनही काहीतरी घ्या हो! कोणाची सायकल दुरुस्त करून देणं, कोणाला दवाखान्यात नेणं, काहीही. सतत घेणारा माणूस आतून खचत जातो, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

प्रश्न: माझ्या बहिणीवर ज्याने हल्ला केला तो सुटून आलाय. सगळे त्याला मदत करा म्हणतायत. तिचं काय?

तुमचा राग अगदी योग्य आहे, आणि तिने माफ करावं असं म्हणायचा हक्क कोणालाच नाही, मलाही नाही. त्याला काम आणि घर मिळावं असं मला वाटतं, कारण रिकामा, एकटा, चिडलेला माणूस तुमच्या बहिणीसाठी जास्त धोक्याचा. पण त्या मदतीची किंमत तिने मोजायची नाही. सुटकेच्या अटींमध्ये तिच्यापासून लांब राहण्याची अट आहे का ते तपासा, नसेल तर वकिलाकडून अर्ज करा. अट मोडली तर लगेच तारीख-वेळेसकट पोलिसांत नोंदवा. त्याला मदत करणाऱ्या गटाला निरोप द्या की त्याची पत्रं, माफीनामे, फोन काहीही तिच्यापर्यंत आणायचं नाही, तिने स्वतः मागितलं तरच. आणि तिलाही समुपदेशक, सोबत येणारी मैत्रीण, रात्री फोन उचलणारं कोणीतरी हवंय, तर त्याची सोय या आठवड्यातच करा.