कार्ड उचललं जातं, पण रकान्यात पडत नाही: ड्रॉप इव्हेंट का येत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरच्या कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी केलेल्या पानावर संत्र्याच्या लॉटचं कार्ड ‘आवक’मधून उचललं जातं, पण ‘लिलाव’मध्ये सोडलं की परत जागेवर जातं. रकान्याचा रंग लुकलुकतो आणि मोबाइलवर तर काहीच सरकत नाही. भाऊ, हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत. लायब्ररी बदलायची घाई करू नका.

आधी ड्रॉप. ब्राउझर साध्या डिव्हवर (पानावरच्या साध्या चौकटीवर) काहीच सोडू देत नाही. ही मनाई ड्रॅगओव्हरमध्ये (कार्ड रकान्यावर असताना सतत येणाऱ्या इव्हेंटमध्ये) प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं वागणं थांबवणारं फंक्शन) कॉल करूनच उठते. हा कॉल फक्त ड्रॉपच्या हँडलरमध्ये (इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडमध्ये) लिहिला, तर तो हँडलर कधी चालतच नाही. ड्रॅगएंडमध्ये (ओढणं संपल्यावरच्या इव्हेंटमध्ये) डेटाट्रान्सफरचा (ओढण्याची माहिती ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचा) ड्रॉपइफेक्ट कन्सोलवर छापा. ‘नन’ आला म्हणजे रकान्याने कार्ड स्वीकारलं नाही. प्रिव्हेंटडिफॉल्ट असूनही ‘नन’ येत असेल, तर दोन जागा तपासा. इफेक्टअलाउड (कार्डाने दिलेली परवानगी) ‘मूव्ह’ आणि ड्रॉपइफेक्ट (रकान्याने मागितलेली क्रिया) ‘कॉपी’ असा मेळ चुकलाय का? आणि ड्रॅगओव्हरमध्ये गेटडेटाने कार्डाचा डेटा वाचून अट लावली आहे का? ही दुसरी चूक फार वेळ खाते. सुरक्षेसाठी त्या टप्प्यावर गेटडेटा रिकामी स्ट्रिंगच देतो. खरा डेटा ड्रॉपमध्येच मिळतो. त्यामुळे अट कधीच खरी ठरत नाही आणि एररही दिसत नाही. अट लावायचीच असेल तर टाइप्सच्या (डेटाच्या प्रकारांच्या) यादीवर लावा.

लुकलुकण्याचं कारण सोपं आहे. रकान्यातल्या एखाद्या कार्डावर माउस गेला की रकान्यालाही ड्रॅगलीव्ह (‘बाहेर गेला’ सांगणारा इव्हेंट) पोचतो. एक काउंटर ठेवा: ड्रॅगएंटरला एक वाढवा, ड्रॅगलीव्हला एक कमी करा, शून्यावर रंग काढा. ड्रॉपमध्ये तो शून्य करायला विसरू नका, नाहीतर रंग तसाच चिकटून राहतो.

आता मोबाइल. अडते यार्डात उभे राहून फोनच वापरणार, म्हणून खरी मेहनत इथे घ्या. बोटाच्या स्पर्शासाठी एचटीएमएल ५ च्या ड्रॅगवर विसंबू नका, पॉइंटर इव्हेंट (माउस आणि बोट दोन्हींसाठी येणारे) वापरा. कार्डाच्या कोपऱ्यात पकडायला छोटा हँडल द्या आणि टच-अ‍ॅक्शन नन (स्पर्शाने होणारं स्क्रोल थांबवणारा सीएसएस नियम) फक्त त्यालाच लावा; अख्ख्या कार्डाला लावलं तर यादी स्क्रोल होणार नाही. हे सीएसएसमध्ये आधीपासून हवं, पॉइंटरडाउनमध्ये (बोट टेकल्यावर) लावून उपयोग नाही. थोडं सरकून पॉइंटरकॅन्सल येत असेल, तर ब्राउझरने तो स्पर्श स्क्रोलसाठी घेतला असं समजा. सेटपॉइंटरकॅप्चर केल्यावर सगळे इव्हेंट हँडललाच मिळतात, त्यामुळे बोटाखालचा रकाना एलिमेंटफ्रॉमपॉइंटने शोधावा लागतो. त्याला पेजएक्स (अख्ख्या पानावरची जागा) नव्हे, क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय (दिसणाऱ्या भागातली जागा) द्या. ओढलं जाणारं कार्डच बोटाखाली सापडू नये म्हणून तेवढ्यापुरतं त्याला सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स नन करा.

शिवाय प्रत्येक कार्डावर ‘लिलावात पाठवा’ असं साधं बटण ठेवाच. ज्यांना ओढणं जमत नाही त्यांच्यासाठी ओढण्याला पर्याय असावा, असं वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक सूचनांमध्येही सांगितलं आहे. बटण आणि ड्रॉप, दोघांनी एकच फंक्शन कॉल करावं. बटणाने कार्ड नीट हलत असेल तर बिघाड इव्हेंटमध्ये शोधा. बटणानेही हलत नसेल तर स्टेट (कोणतं कार्ड कुठल्या रकान्यात आहे ती नोंद) अपडेटचा कोड तपासा.