‘पुट ऑफ’ पाठ करू नका, वाक्यात पकडा

इंग्रजीतलं ‘पुट ऑफ’ (put off) हे जोडक्रियापद कसं शिकायचं, असं तुम्ही विचारलंय. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे बंद, अशी बेरीज करून अर्थ लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय. उत्तम. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, फोनही लागतो. तिथे ‘लागणे’ आपण कुठे सुटं करून पाहतो?

सुरुवातीला दोनच अर्थ धरा. पहिला, पुढे ढकलणे: ‘वी पुट ऑफ द मीटिंग’. इथे ‘पोस्टपोन’ चालतो, पण तो ऑफिसच्या पत्रातला. बोलताना ‘पुट ऑफ’च सहज वाटतो. गंमत म्हणजे ‘पोस्टपोन’च्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘नंतर ठेवणे’ असाच आहे. दुसरा अर्थ, मन उडणे: ‘द स्मेल पुट मी ऑफ’, म्हणजे वासानेच जेवणावरची वासना गेली. इथे ‘पोस्टपोन’ घातलात तर वाक्य कोसळेल. म्हणून समानार्थी शब्द नेहमी अर्थागणिक लिहा, क्रियापदासमोर एकगठ्ठा नको.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- ‘पुट ऑफ इट’ नाही, ‘पुट इट ऑफ’. सर्वनाम मध्येच बसतं.
- ‘पुट ऑफ टू गो’ नाही, ‘पुट ऑफ गोइंग’.
- रद्द करणे म्हणजे ‘कॉल ऑफ’. ही गल्लत महागात पडते. सभा पुढच्या सोमवारी असते आणि लोक ती रद्दच झाली असं धरून बसतात.

बाकीचे अर्थ सध्या राहू द्या. आज रात्री स्वतःच्या दिवसातली तीन वाक्यं लिहा: दातांच्या डॉक्टरकडे जाणं टाळलंय? तिथूनच सुरू करा.