ब्रिटिश रॅपर अमेरिकन उच्चारात का गात नाहीत?
सुरुवातीला बरेच जण गायचे. ऐंशीच्या दशकात लंडनची पोरं न्यूयॉर्कचे उच्चार उचलत, कारण रॅप म्हटलं की तसंच बोलायचं अशी समजूत होती. चित्र खऱ्या अर्थानं पालटलं ते २००० नंतर, पूर्व लंडनमध्ये ग्राइम हा वेगवान रॅपचा प्रकार आला तेव्हा. विनापरवाना चालणाऱ्या पायरेट रेडिओवर मिनिटाला साधारण १४० ठोक्यांच्या तालावर रॅप चालायचं. माझ्या मते एवढ्या वेगात उसना उच्चार टिकतच नाही, घरची बोली आपसूक जिभेवर येते. शब्दातला मधला 'ट' गिळायचा, 'थिंग'चं 'टिंग' करायचं. हे 'टिंग' जमैकाचं. तिथून आलेल्या कुटुंबांनी मोठाल्या साउंड सिस्टिम आणि तालावर बोलत जायची टोस्टिंगची पद्धतही लंडनला आणली. आणि बघा, १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पार्टीतून हिप हॉपची सुरुवात करून देणारा डीजे कूल हर्क, तोही जमैकातच जन्मलेला!

ग्राइम रॅपर डिझी रास्कलला ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार २००३ मध्ये मिळाला, तो याच बोलीतल्या पहिल्या अल्बमसाठी. तेव्हा त्यानं विशीही गाठली नव्हती. तो अल्बम जरूर ऐका, पहिल्या फेरीत निम्मे शब्द निसटले तरी हरकत नाही.