डब्लिनचं कस्टम हाऊस आतून बघण्यासारखं आहे का, की बाहेरून फोटो काढला तरी पुरे?

आत जाच, पण त्याआधी अर्धा तास बाहेर द्या. माझी लेक डब्लिनला असते, त्यामुळे ठाण्याहून तिथे दोनदा जाणं झालं. पहिल्या वेळी मीही समोरून फोटो काढून पुढे गेले आणि खरं बघायचं तेच राहून गेलं.

मे महिन्यात भावाकडे जाताय आणि एकच दुपार मोकळी आहे म्हणता, तर टारा स्ट्रीट स्टेशनला उतरा आणि लिफी नदीच्या दक्षिण काठाने समुद्राच्या दिशेला थोडं चाला. ओकॉनेल पुलावरून बघायला गेलात तर रेल्वेचा पूल मधे येतो. काठावरून मात्र पांढऱ्या दगडाची ती लांबलचक इमारत अख्खी दिसते. वास्तुविशारद जेम्स गॅन्डनने 1781 ला काम सुरू केलं, ते 1791 ला पुरं झालं. जमीन दलदलीची, म्हणून पाया लाकडी ओंडक्यांच्या जाळीवर घातला. शहरातल्या व्यापाऱ्यांचा कडवा विरोध होता, कारण जुनी कस्टमची कचेरी नदीच्या वरच्या अंगाला होती आणि ती हलली की तिथल्या जागांचे भाव पडणार होते. मुंबईतला घाऊक बाजार वाशीला हलवताना किती धुसफूस झाली होती, ते आठवा म्हणजे कळेल.

आता पुढचा पूल ओलांडून भिंतीजवळ जा आणि मान वर करा. दारं-खिडक्यांच्या कमानींच्या माथ्यावरच्या दगडात 14 चेहरे कोरलेत, एडवर्ड स्मिथ या शिल्पकाराने. एक अटलांटिक महासागराचा, बाकी तेरा आयर्लंडच्या नद्यांचे. केसांत, दाढीत त्या त्या काठची फळं-फुलं, मासे गुंफलेले. होय, दाढीत! आपण नदीला आई म्हणतो, तिची ओटी भरतो, आणि इथे तेरापैकी बारा चक्क बाप्ये. आपल्याकडे सिंधू, ब्रह्मपुत्र, शोण यांना नद म्हणतात, तसे. एकटी लिफी तेवढी बाई, आणि तिला बसवलंय मुख्य दरवाजाच्या डोक्यावर. मी तिच्याखाली बराच वेळ उभी होते. 1928 पासूनच्या आयरिश नोटांवर मागच्या बाजूला हेच चेहरे छापायचे. वरच्या पट्टीत हारांनी जोडलेली बैलांची मुंडकीही दिसतील. आपल्याला पटकन पोळा आठवतो, पण तिथे ती गोमांसाच्या व्यापाराची खूण आहे.

मग घुमट बघा. खालच्या भिंतींपेक्षा तो काळपट दिसतो, तो मळ नव्हे. 25 मे 1921 ला स्वातंत्र्ययुद्धात आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या पोरांनी आत शिरून कागदांवर रॉकेल ओतलं आणि इमारत पेटवली, कारण ब्रिटिश कारभाराचं दप्तर तिथे होतं. त्यांच्यातले पाच जण मारले गेले, ऐंशीहून जास्त पकडले गेले. मूळ इमारत इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाची होती. स्वतंत्र आयर्लंडने घुमट पुन्हा उभारला तो मीथ परगण्यातल्या, आपल्या मातीतल्या दगडात. रंगातला फरक तेव्हापासूनचा.

मी महसूल खात्यात रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षं काढलीत. फेरफाराचा एक जुना कागद सापडला नाही तर माणसाचे काय हाल होतात, ते टेबलाच्या या बाजूने बघितलंय. त्या पोरांची बाजू मला समजते, तरी आतल्या प्रदर्शनात जळालेल्या गठ्ठ्यांचं वर्णन वाचताना पोटात कालवलं. एक घोटाळा मात्र करू नका: जनगणनेचे आणि मृत्युपत्रांचे कागद जळाले ते इथे नाही, 1922 ला, त्याच नदीवरच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात. तिथली मुख्य इमारतही गॅन्डनचीच.

आत अजून सरकारी कचेऱ्या आहेत, सगळीकडे फिरता येत नाही. बघायला मिळतो तो प्रदर्शनाचा भाग, गॅन्डन आणि आगीची हकीकत सांगणारा. निघण्याआधी वेळा तपासून ठेवा.

तिथून समुद्राच्या बाजूला थोडं पुढे 1840 च्या दशकातल्या दुष्काळाचं स्मारक आहे, रोवन गिलेस्पीने 1997 ला केलेलं: बोचकी छातीशी धरून बोटीकडे निघालेली हाडकी माणसं. ते उघड्या रस्त्यावरच आहे, म्हणून आधी कस्टम हाऊस आतून उरका आणि त्यांच्याकडे मग निवांत जा.