मणक्यात ‘गॅप’ आहे म्हणाले आणि १४ महिने मी बादली उचलली नाही

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय ३९, एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या भागात दोन मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा, “वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही” अशी ताकीद, मुलीला कडेवर घेणं बंद. आणि आता सुप्त मनाच्या शक्तीने मणका बरा करणाऱ्या १८ हजारांच्या शिबिराला जावं का, हा प्रश्न. गादी आणि खुर्चीबद्दल वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते मी सोडते.

सहा वर्षांपूर्वी माझंही हेच झालं होतं. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर बैठं काम. एका सकाळी न्हाणीघरात वाकले आणि उसण भरली. दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, पेनाचं टोक एका मणक्यावर टेकवलं आणि म्हणाले, “गॅप आलीय. साठीतल्या बाईसारखा मणका झालाय तुमचा. जपा, नाहीतर एक दिवस उठता येणार नाही.” पाच मिनिटांत मी बाहेर.

ते वाक्य मला झिजलेल्या चकतीपेक्षा महागात पडलं. त्याहून मोठी चूक माझी स्वतःची. दुसऱ्या कुणाचं मत न घेता मी ते वाक्य घरभर सांगितलं. मग सासूबाई माझ्या हातातली कळशी काढून घ्यायच्या, अंघोळीची बादली नवरा भरून ठेवायचा, मुलगा माझं दप्तर उचलू नकोस म्हणायचा. सगळे मायेनेच करत होते. पण दिवसातून दहा वेळा मला कुणीतरी आठवण करून देत होतं की तू मोडकी आहेस. कमरेचा पट्टा मी रात्रीसुद्धा सोडेना. दुखणं वाढतच गेलं.

कुणी सांगितलं नव्हतं ते हे: २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि निम्म्यांच्या फुगलेल्या निघाल्या. विशीतसुद्धा झीज ३७ टक्क्यांना. म्हणजे केस पिकावेत तसं हे बऱ्याच अंशी वयाचं काम आहे. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर माझे १४ महिने वाचले असते. अजूनही त्याचा राग येतो.

पण म्हणून “सगळे मनाचे खेळ” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुखणं खरंच असतं. १९९५ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकात एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिगत आली होती. उडी मारली आणि १५ सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळायचा, गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढला तर खिळा बोटांच्या मधून गेलेला, पायाला काही झालेलंच नाही. तो नाटक करत नव्हता. मेंदूला धोका दिसला आणि मेंदूने दुखवलं. उलटंही होतं. १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. नुसत्या खोट्या औषधाने काहींचं दुखणं कमी झालं होतं, पण शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांना अडवणारं औषध देताच ते परत वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशानेही शरीर आपलं औषध बनवतं.

मग शिबिराला का जाऊ नका म्हणते? मी जाऊन आले. दोन दिवस डोळे मिटून “माझा मणका निरोगी आहे” म्हणत होते. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात बादली तशीच, आणि मीही तशीच उभी. तक्रार केली तर उत्तर आलं, तुमची श्रद्धा कमी पडली. दुखणाऱ्या माणसावर वर हे ओझं टाकणं मला अक्षम्य वाटतं. सगळी शिबिरं अशीच असतील असं म्हणत नाही, पण माझं मत पक्कं आहे.

मला बाहेर काढलं एका फिजिओथेरपिस्टबाईंनी. त्यांनी विचारलं, “वाकल्यावर दुखतं, की वाकायच्या आधी?” मी घरी लक्ष ठेवलं. बादलीकडे नुसती नजर गेली तरी श्वास अडकायचा, कंबर दगडासारखी व्हायची, आणि चमक तिथेच सुरू व्हायची. अजून वाकलेही नव्हते! मग त्यांनी रिकामी बादली उचलायला लावली, श्वास सोडत सोडत. चार दिवसांनी त्यात एक तांब्या पाणी. आणखी चार दिवसांनी दुसरा. दुखलं तर तांब्या कमी करायचा, बादली सोडायची नाही. पाचव्या तांब्याला दोन आठवडे अडकले होते. साडेतीन महिन्यांनी भरलेली बादली उचलली. तोंडाने म्हटलेलं माझ्या कमरेला पटलं नाही, हाताने केलेलं पटलं.

मी डॉक्टर नाही आणि माझी पाठ म्हणजे तुमची पाठ नव्हे. पायातली ताकद जात असेल, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा असेल, लघवी-संडासावरचा ताबा सुटत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन घटणं असेल तरी थांबू नका. पट्टा एकदम टाकू नका, तासातासाने कमी करा. एसटीत मागची सीट टाळा, धक्के तिथे जास्त बसतात. आणि घरच्यांना आजच सांगा की “जप” म्हणणं बंद करा.

मुलगी किती किलोची आहे ते लिहा. आणि सध्या न घाबरता काय उचलता, तेही.