वाचकांचे प्रश्न : छातीत साठणारा कफ आणि लागणारा दम

प्रश्न : माझे वय ६१ आहे. चार वर्षांपूर्वी सीटी स्कॅननंतर मला ब्रॉन्किएक्टॅसिस असल्याचे निदान झाले. रोज सकाळचा तास-दीड तास खोकण्यात जातो. बेडका घट्ट असतो, लवकर सुटत नाही आणि खोकून इतका दम लागतो की नंतर बराच वेळ बसून राहावे लागते. खोकला थांबवण्याचे औषध घ्यावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. कफ कायमचा सुकवता येईल का? इनहेलर, नेब्युलायझर आणि व्यायाम यांचा क्रम कसा ठेवावा?

उत्तर : ‘सुकवणे’ हा शब्द आधी बाजूला ठेवू या. निरोगी माणसाच्या श्वासनलिकांतही कफ सतत तयार होत असतो. त्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. धूळ आणि जंतू त्याला चिकटले की नलिकांच्या अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू त्याला घशाकडे ढकलत नेतात आणि आपल्या नकळत तो गिळला जातो. तुमच्या आजारात नलिकांचे काही भाग कायमचे रुंद आणि सैल झालेले असल्यामुळे ही वाहतूक तेथे अडते, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे पुन्हा कफ वाढतो. अशा वेळी कफ सुकला, तर तो नाहीसा होत नाही, उलट डिंकासारखा जागीच चिकटून बसतो. म्हणून खोकला दाबणारे औषध तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याखेरीज घेऊ नये. घरच्यांचा आग्रह काळजीपोटी आहे, हे मान्य. पण तो मानण्यासारखा नाही.

तुम्हाला थकवा येतो तो कफामुळे जितका, तितकाच खोकण्याच्या पद्धतीमुळे येत असावा. सैल झालेली नलिका जोरदार उबळीच्या दाबाखाली मिटते आणि बेडका तिच्यामागे अडकून राहतो. मग आपण आणखी जोर लावतो. यावर फिजिओथेरपिस्ट ‘हफ’ शिकवतात. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर वाफ धरावी म्हणून तोंड उघडून आपण ‘हा’ करतो, तसाच, पण पोटाच्या स्नायूंचा थोडा जोर लावून श्वास सोडायचा. मध्यम श्वास घेऊन केलेला लांब हफ खोलवरचा कफ वर आणतो. तो वर आल्याचे घरघरीवरून जाणवले की मोठा श्वास घेऊन एक छोटा, जोरकस हफ करावा किंवा एकदाच खोकावे. त्याआधी खांदे सैल सोडून काही वेळ शांत श्वसन करावे, मग तीन-चार दीर्घ श्वास घेऊन प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद रोखून धरावा, कारण त्या अवधीत हवा कफाच्या मागच्या बाजूला पोहोचते. हे चक्र पुन्हा पुन्हा करावे आणि लागोपाठ दोन हफ कोरडे वाटले की थांबावे.

क्रम असा ठेवावा : प्रथम श्वासनलिका रुंदावणारे इनहेलर, दहा-पंधरा मिनिटांनी, डॉक्टरांनी दिले असल्यास, मिठाच्या तीव्र द्रावणाचे नेब्युलायझेशन, त्यानंतर वरील व्यायाम, आणि स्टेरॉइडचे इनहेलर किंवा प्रतिजैविकाचे नेब्युलायझेशन असेल तर ते अगदी शेवटी, म्हणजे औषध कफावर न पडता अस्तरापर्यंत जाईल. मिठाच्या द्रावणाने काहींची छाती आवळते, म्हणून त्याची पहिली मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. व्यायाम जेवणानंतर लगेच करू नये. कंपने निर्माण करणारी छोटी उपकरणेही मिळतात आणि ती उपयोगी पडतात, तरी माझ्या मते आधी हफ नीट शिकून घ्यावा; तो न येता घेतलेले उपकरण बहुधा कपाटातच जाते.

दम लागला की आडवे होऊ नका. खुर्चीत पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकवा, नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ तो सोडा. दमाच्या भीतीने चालणे मात्र सोडू नका. पाणी तहानेपुरते, लघवी फिकट राहील इतके पुरे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. बेडक्याचे प्रमाण, घट्टपणा किंवा रंग बदलला, दम व थकवा वाढला आणि हे दोन दिवस टिकले, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी बेडका तपासणीला द्यावा. बेडक्यातून ताजे रक्त पडू लागले तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्रश्न : माझ्या पतींना मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा चेतापेशींचा आजार) आहे. लाळ गळते म्हणून त्यांना गोळ्या दिल्या. लाळ कमी झाली, पण आता घशात चिकट कफ अडकतो आणि खोकून निघत नाही. घरी ऑक्सिजन द्यावा का?

उत्तर : लाळ आणि कफ हे दोन वेगळे स्राव आहेत. लाळ वाढलेली नसते, ती गिळली जात नाही म्हणून गळते. ती कमी करणारी बहुतेक औषधे छातीतला कफही घट्ट करतात, त्यामुळे गोळीची मात्रा बदलण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे; गोळी परस्पर बंद करू नये. सक्शन यंत्राने तोंड आणि घसा स्वच्छ होतो, छाती नाही. खोकल्याचा झोत मिनिटाला २७० लिटरपेक्षा कमी भरत असेल, तर श्वास आत भरून लगेच ओढून घेणाऱ्या कफ-असिस्ट यंत्राचा विचार केला जातो. हा झोत एका साध्या मीटरवर मोजता येतो. ऑक्सिजन स्वतःहून सुरू करू नका. त्यांच्या बाबतीत दोष श्वसनाच्या स्नायूंच्या दुबळेपणात आहे, आणि नुसत्या ऑक्सिजनमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. अशांना बहुधा बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वसनाला मदत करणाऱ्या यंत्राचा, आधार लागतो. सकाळी डोके दुखणे, रात्री वारंवार जाग येणे किंवा आडवे झाल्यावर दम लागणे यांपैकी काही होत असेल, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.