एमएससी करून इंग्लंडात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून सायकॉलॉजी स्पेशल घेऊन बीए, मग क्लिनिकलमध्ये एमए, एका हॉस्पिटलात सहा महिन्यांची इंटर्नशिप. आता उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठाची ‘एमएससी क्लिनिकल सायकॉलॉजी’ची ऑफर हातात आहे, सप्टेंबर 2026 पासून. ती केली की इथे इंग्लंडात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोकरी मिळेल का?

नाही मिळणार. कर्ज काढण्याआधी हे स्पष्ट कळलेलं बरं.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पदनाम-पाटी इथे कायद्याने राखीव आहे. एचसीपीसीच्या (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या इथल्या संस्थेच्या) रजिस्टरवर नाव असेल तरच ती लावता येते. काउन्सेलिंग, एज्युकेशनल, फोरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल आणि स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्टचंही तसंच. (नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र कुणीही वापरू शकतो, आणि वापरतातही.) इथे शिकून क्लिनिकलच्या रजिस्टरवर जायचं तर तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. तुमची एमएससी त्या डॉक्टरेटच्या अलीकडची पायरी आहे. विद्यापीठं खोटं बोलत नाहीत. माहितीपत्रकात ‘पुढील प्रशिक्षणासाठी भक्कम पाया’ असं लिहिलेलं असतं. आपण मात्र ते ‘नोकरी’ असं वाचतो, कारण भारतात कोर्सच्या नावात क्लिनिकल असलं की माणूस क्लिनिकलचाच मानला जातो.

मग डॉक्टरेटच करते, असं म्हणाल. तिचे अर्ज लीड्सच्या क्लिअरिंग हाउसमार्फत (सगळ्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या कार्यालयामार्फत) जातात, सप्टेंबरात सुरू होतात आणि नोव्हेंबरात बंद. निवड झालेल्यांची फी एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, भरते, वर बँड 6 चा पगारही देते (बँड म्हणजे एनएचएसची वेतनश्रेणी). म्हणूनच तिथे झुंबड असते. पण इंग्लंडातल्या या एनएचएसच्या जागा ‘होम’ फी दर्जाच्या, म्हणजे स्थानिकांच्या दराने फी लागणाऱ्या, उमेदवारांसाठी आहेत. स्टुडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरच्या माणसाला तो दर्जा नसतो. थोड्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वखर्चाच्या मोजक्या जागा असतात, पण तीन वर्षांची परदेशी फी मध्यमवर्गीय घराला झेपणारी नाही. एज्युकेशनल सायकॉलॉजीच्या सरकारी खर्चाच्या जागांचीही अट साधारण अशीच.

खरी अडचण घड्याळाची आहे. डॉक्टरेटला बोलावणं येण्याआधी बहुतेक उमेदवार दोन-तीन वर्षं असिस्टंट सायकॉलॉजिस्ट, सपोर्ट वर्कर, रिसर्च असिस्टंट अशा कामांत काढतात. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल. एमएससीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. सप्टेंबर 2026 ला सुरुवात करणारी मुलगी 2027 च्या शरदात अर्ज करील, म्हणजे तिच्या वाट्याला 18 महिने. तेवढ्यात पुढच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करणारा मालक मिळाला नाही तर परतीचं तिकीट.

तेव्हा नोकरी निवडताना आधी एकच पाहायचं: हे पद स्पॉन्सर होतं का? 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या दर्जाचं काम लागतं. हेल्थकेअर असिस्टंट, सपोर्ट वर्कर, शाळेतली टीचिंग असिस्टंट ही कामं त्या रेषेखाली येतात. अनुभवासाठी ती उत्तम, ग्रॅज्युएट व्हिसावर खुशाल करा, पण त्यावर पुढचा व्हिसा उभा राहत नाही. केअर वर्करचा परदेशातून भरतीचा रस्ताही त्याच दिवशी बंद झाला. पुण्या-मुंबईत अजून कुणी एजंट ‘केअर व्हिसा, नंतर सायकॉलॉजीत शिरा’ असं सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

असिस्टंट सायकॉलॉजिस्ट हे पद बँड 4 किंवा 5 मध्ये येतं. 2025-26 च्या इंग्लंडच्या वेतनश्रेणीत बँड 4 साधारण 27,485 पौंडांपासून आणि बँड 5 साधारण 31,049 पासून सुरू होतो. आकडा पाहून भुलू नका. या जागा बऱ्याचदा मुदतीच्या, सहा-बारा महिन्यांच्या असतात, आणि जाहिरातीतच ‘स्पॉन्सरशिप मिळणार नाही’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ आधी शोधा, मग बाकीची जाहिरात वाचा. शिवाय ठरलेल्या संख्येइतके अर्ज आले की जाहिरात शेवटच्या तारखेआधीच बंद होते, कधी एका दिवसात. एनएचएस जॉब्सवर अलर्ट लावून ठेवा आणि अर्जाच्या मजकुराचा कच्चा आराखडा तयार ठेवा.

पीडब्ल्यूपी, म्हणजे सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनर, ही पदवीधरांसाठी इथली सगळ्यांत रुळलेली वाट. 2008 साली आयएपीटी नावाने सुरू झालेली ही सेवा 2023 पासून ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ म्हणून ओळखली जाते. सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता असलेल्यांना फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर साधारण अर्ध्या तासाच्या बैठका, सीबीटीवर (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीवर) आधारलेली मार्गदर्शित स्वयंमदत, आणि दर बैठकीला पीएचक्यू-9 व जीएडी-7 या नैराश्य व चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचे गुण. प्रशिक्षण साधारण वर्षभराचं, बँड 4 च्या पगारावर, आठवड्यातला काही वेळ विद्यापीठात. पास झालं की बँड 5. केसेस भरपूर, टार्गेट कडक, त्यामुळे दोन वर्षांत दमून सोडणारे खूप. आत शिरण्याआधी एक नियम ठाऊक हवा: एनएचएसच्या खर्चाने असं एक प्रशिक्षण घेतलं की दोन वर्षं दुसऱ्या तशाच प्रशिक्षणाला, डॉक्टरेटलाही, पैसे मिळत नाहीत. ‘आधी पीडब्ल्यूपी, लगेच डॉक्टरेट’ हे गणित इथेच फसतं. आणि ट्रेनीच्या जागांना स्पॉन्सरशिप मिळेल हे गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी ती नसते.

मग ही वाट कुणाच्या कामाची? डिपेंडंट व्हिसावर येणाऱ्यांच्या. नवरा किंवा बायको आयटीत स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं, मालकाने स्पॉन्सर करण्याचा प्रश्नच येत नाही. स्लाव, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्स या भागांतल्या मराठी घरांत सायकॉलॉजी केलेल्या, पण ‘इथे आपलं काय होणार’ म्हणून घरी बसलेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांनी बँड 4 च्या जागांना डोळे मिटून अर्ज करावेत. तुमचं लग्न ठरत असेल आणि मुलगा इथे असेल, तर एमएससीच्या कर्जाआधी हा हिशेब मांडा. उलट दिशेने मात्र दार बंद: 1 जानेवारी 2024 पासून शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनावर नसलेल्या) मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणता येत नाही.

दुसरा सरळ रस्ता आहे, पण तो भारतातून निघतो. आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं) दोन वर्षांचं क्लिनिकल प्रशिक्षण (आजवर त्याला एमफिल म्हणत, आता रचना बदलते आहे) आणि त्यानंतरचा कामाचा अनुभव असेल तर भारतात बसूनच एचसीपीसीकडे आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो. ते तुमच्या पदवीचं नाव पाहत नाहीत, तुमचं प्रशिक्षण त्यांच्या कौशल्य-निकषांशी कलम-दर-कलम ताडून पाहतात. कमी पडलं तर आणखी माहिती मागू शकतात किंवा चाचणी सांगू शकतात. अर्ज लटकतात ते बहुधा कागदांमुळे: सिलॅबसमध्ये नुसती प्रकरणांची नावं, प्रत्यक्ष रुग्णकामाचे तास कुठेच नाहीत, सुपरव्हिजन किती वेळा झाली त्याचा पत्ता नाही. आयईएलटीएसला एकूण 7 आणि एकाही भागात 6.5 च्या खाली नाही, ही अट. रजिस्टरवर आलात तर बँड 7 च्या, म्हणजे 2025-26 च्या श्रेणीत साधारण 47,810 पौंडांपासूनच्या पदांना अर्ज करता येतो आणि त्यांना स्पॉन्सरशिप मिळणं बरंच शक्य असतं. माझं मत विचाराल तर तुमच्या जागी असलेल्या दहांपैकी आठ जणींनी हा लांबचा रस्ता धरावा.

तरी यायचंच ठरलं, तर ऑफरमध्ये एक गोष्ट तपासा: त्या एमएससीने ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची जीबीसी (सायकॉलॉजीचं मूलभूत शिक्षण पुरेसं झाल्याची मान्यता) ही पात्रता मिळते का? डॉक्टरेटला आणि असिस्टंटच्या बऱ्याच जागांना ती मागतात. ‘एमएससी क्लिनिकल’ किंवा ‘मेंटल हेल्थ’ असं आकर्षक नाव असलेल्या अनेक कोर्सने ती मिळत नाही. ‘कन्व्हर्जन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या (मूळ पदवी दुसऱ्या विषयाची असणाऱ्यांसाठीच्या), नीरस वाटणाऱ्या एमएससीने मिळते. भारतीय पदव्यांवर थेट जीबीसी मागता येते, पण पदवीत निम्म्याहून कमी सायकॉलॉजी असेल तर अडतं. आपल्या पुण्याच्या जुन्या पॅटर्नमध्ये एफवायला एकच पेपर, एसवाय आणि टीवायला एक जनरल व दोन स्पेशल, बाकी मराठी, अर्थशास्त्र, इंग्रजी. मुंबईचं टीवायबीए सहाही पेपरचं, त्यांचं जरा बरं. एमएचे पेपर आणि आकडेवारीसह केलेला संशोधन प्रकल्प यांनी ही तूट भरून निघू शकते, म्हणून दोन्ही पदव्यांचा सिलॅबस एकत्र पाठवा. हा अर्ज एमएससीची फी भरण्याआधी करा. जीबीसी भारतातूनच मिळाली तर कन्व्हर्जनची गरजच उरत नाही.

समुपदेशनाचं वेगळं आहे. ‘काउन्सेलर’ आणि ‘सायकोथेरपिस्ट’ ही नावं इथे कायद्याने राखीव नाहीत, पण बीएसीपीसारख्या समुपदेशकांच्या व्यावसायिक संघटनेच्या सदस्यत्वाशिवाय सहसा कुणी उभं करत नाही. बीएसीपीसाठी निदान एक वर्ष पूर्णवेळ किंवा दोन वर्षं अर्धवेळ कोर्स आणि सुपरव्हिजनखाली निदान 100 तास प्रत्यक्ष क्लाएंट. पगारी नोकऱ्या कमी, अर्धवेळ जास्त. व्हिसाच्या दृष्टीने ही वाट पोकळ.

क्लिनिकलचा हट्ट नसेल तर यूएक्स रिसर्च (अॅप-वेबसाइट वापरणाऱ्यांचा अभ्यास), मार्केट रिसर्च, एचआर अॅनालिटिक्स, विद्यापीठातलं रिसर्चचं काम यांत सायकॉलॉजीच्या आकडेवारीला किंमत आहे. इथे एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर भागत नाही, आकडेवारीची ‘आर’ ही संगणक-भाषा शिकून या. स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला 41,700 पौंड. पण 26 वर्षांच्या आतल्यांना किंवा स्टुडंट-ग्रॅज्युएट व्हिसावरून बदलणाऱ्यांना ‘न्यू एंट्रंट’ म्हणून 33,400 चालतात. 18 महिन्यांत गाठता येण्यासारखा हाच आकडा.

अर्ज लिहिताना आपल्याकडची मुलं एकच चूक करतात: रोर्शाक, टीएटी, बुद्ध्यांक चाचण्या यांची लांबलचक यादी. इथल्या पॅनेलला प्रोजेक्टिव्ह चाचण्यांत (डाग किंवा चित्रं दाखवून मन जोखणाऱ्या, रोर्शाक-टीएटीसारख्या) रस नाही. जाहिरातीसोबतचं ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ समोर ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक आवश्यक मुद्द्याला त्याच क्रमाने एक-एक परिच्छेद द्या: किती रुग्ण, कुठली अडचण, सीबीटीतलं काय वापरलं, फॉर्म्युलेशन (अडचण कशामुळे उभी राहिली आणि टिकली याचा आराखडा) कसं मांडलं, सुपरव्हिजन दर आठवड्याला किती. मुलाखतीत आत्महत्येच्या धोक्याचा प्रश्न जवळपास ठरलेला. ‘रुग्णाला समजावलं, घरच्यांना बोलावलं’ या उत्तरावर गुण जातात. विचार, योजना, साधनं, आधार हे सरळ शब्दांत विचारणं, लिहून ठेवणं आणि सुपरव्हायझरला कळवणं त्यांना ऐकायचं असतं. घरच्यांना सांगण्याआधी रुग्णाची संमती, आणि गोपनीयता कधी मोडता येते, हेही. हिंदी, गुजराती, पंजाबी येत असेल तर लेस्टर, ब्रॅडफर्ड, लंडनच्या पश्चिमेला त्याचा उपयोग होतो, ठळक लिहा. मराठीची मागणी नगण्य.

पैशांचं पटकन: 2025 च्या दरांनी स्टुडंट व्हिसा 524 पौंड, 16 महिन्यांच्या मुक्कामाचा आरोग्य अधिभार 1,164. बँकेत फीशिवाय लंडनबाहेर महिन्याला 1,171 प्रमाणे नऊ महिन्यांचे 10,539 पौंड सलग 28 दिवस दिसले पाहिजेत. ग्रॅज्युएट व्हिसाचे 880 आणि त्याच्या मुदतीचा वर्षाला 1,035 चा अधिभार हे आत्ताच बाजूला काढा, बहुतेकांचं कर्ज तोवर संपलेलं असतं. आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून फी काढू, हा हिशेब करू नका: एमएससीत प्रबंधाचे उन्हाळी महिने अभ्यासातच धरतात, त्यामुळे आठवड्याला 20 तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते.

निघण्याआधी इंटर्नशिपचं पत्र नव्याने घ्या, लेटरहेडवर, तारखा, आठवड्याचे तास, रुग्णसंख्या आणि सुपरव्हायझरच्या पदासह. ‘समाधानकारक काम केले’ या एका ओळीच्या सर्टिफिकेटचा उपयोग शून्य. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा. रुग्णांच्या कामाला इथली डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी लागते आणि तुम्ही राहिलेल्या देशाचा दाखलाही मागतात. मार्कशीटवरचं नाव पाहा: आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं वेगळ्या ओळीत, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला सोबत असू द्या, नाहीतर एचसीपीसी आणि जीबीसीचे अर्ज ओळखीच्या मुद्द्यावर अडतात. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निघायला आठवडे लागतात, तेव्हा तो अर्ज व्हिसाच्या आधी टाका आणि निदान तीन सीलबंद प्रती मागा.